काम काय करता?

घामाची तक्रार घेऊन आलेला माणूस बोलायच्या आधीच ओळखू येतो. केसपेपर तो दोन बोटांच्या टोकांत धरतो. खुर्चीत बसल्यावर एक तळवा पँटवर पुसतो, मग दुसरा. मुली ओढणीचं टोक मुठीत धरून बसतात. आणि तक्रार सांगायची वेळ आली की यातले बरेच जण भलत्याच दुखण्याचं नाव घेतात. कुणी नायटा दाखवतो, कुणी केस गळतात म्हणतं. औषधं लिहून होतात, मी पेन खाली ठेवते आणि मग दाराकडे जाता जाता ते मागे वळतात. "मॅडम, आणखी एक इचारायचं हुतं. हाताला सारखं पाणी सुटतंय, ह्याला काय औषध असतंय का?"

इस्लामपुरात त्वचारोगांचा दवाखाना चालवताना हा प्रश्न मी सतत ऐकत आले आहे. अशा माणसाला मी परत खुर्चीत बसवते आणि पहिलं विचारते, "काम काय करता?" घाम कधीपासून येतो, झोपेत येतो का, घरात आणखी कुणाला आहे का, हे सगळं विचारतेच, पण कामाचं आधी. अतिघामावरचे उपचार मोजकेच आहेत. त्यांतला कुठला द्यायचा आणि कुठला अजिबात द्यायचा नाही, हे बहुतेक वेळा समोरचा माणूस दिवसभर हातांनी काय करतो आणि कुठे उभा राहतो यावरून ठरतं. ही गोष्ट मला पुस्तकापेक्षा या तालुक्यातल्या माणसांनी जास्त नीट शिकवली.

आमचा वाळवा तालुका कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांच्या मधला. ऊस, हळद, केळी, भाजीपाला. साखराळ्याला राजारामबापू पाटील सहकारी साखर कारखाना, गावाला लागून एमआयडीसी, घरोघरी दुभती जनावरं. हंगाम सुरू झाला की उसाच्या गाड्यांनी रस्ते भरतात आणि बीडकडच्या तोडकऱ्यांच्या कोप्या उभ्या राहतात. अशा मुलखात घामाला मान आहे. कष्टाने भिजलेला सदरा बघून कुणी नाक मुरडत नाही. पण बसल्या जागी, पंख्याखाली, काही न करता ज्याच्या तळहातातून पाणी ठिबकतं त्याच्याकडे लोक वेगळ्याच नजरेने बघतात. एक तर हा भित्रा असणार, नाही तर याच्या अंगात काही तरी कमी असणार. लहानपणापासून हे ऐकलेली माणसं मग तक्रार सांगायचीच सोडून देतात. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत शंभरातल्या जवळपास तिघांना अतिघामाचा त्रास असल्याचं आढळलं होतं, आणि त्यांतल्या निम्म्याहून कमी लोकांनी तो डॉक्टरांच्या कानावर घातला होता. लाज तिकडेही आहे. इकडे तिच्या जोडीला 'मनावर घेऊ नकोस' हा सल्ला असतो.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षातला एक मुलगा वडिलांबरोबर आला होता. ड्रॉइंगच्या शीटवर हात टेकला की कागद ओला होऊन फुगतो, पेन्सिलीच्या रेघा पसरतात, म्हणून तो मनगटाखाली रुमाल घेऊन काढायचा. शीट घाण म्हणून परत यायची. वडील शेतकरी, सरळ मनाचा माणूस. त्यांनीच बोलायला सुरुवात केली. "मॅडम, पोरगं हुशार हाय, पण लई भित्रं. परीक्षा म्हटलं की हात गळायला लागत्यात." मुलगा खाली बघत होता.

मी त्याच्या तळहाताला टिंक्चर आयोडीन लावलं, पूर्ण वाळू दिलं आणि वरून मक्याच्या पिठाचा, कॉर्नफ्लॉवरचा, पातळ थर भुरभुरवला. ही तपासणी मॉस्कोच्या व्हिक्टर मायनर या मेंदूविकारतज्ज्ञाने १९२० च्या दशकात शोधली. आयोडीन आणि पिठूळ एकत्र आले की ओल लागताच रंग निळा-काळा होतो. मुलगा शांत बसला होता; त्याच्याशी मी गावातल्या पाण्याबद्दल बोलत होते. बघता बघता तळहाताच्या बारीक रेषांच्या कंगोऱ्यांवर काळे ठिपके उमटायला लागले. प्रत्येक ठिपका म्हणजे घामाच्या एकेका ग्रंथीचं तोंड. आधी बोटांच्या टोकांवर, मग तळव्याच्या मध्यावर. ठिपके एकमेकांना जाऊन भिडले आणि काही मिनिटांत तळवा काळाभोर झाला. वडिलांनी मग स्वतःचा हात पुढे केला. त्यांच्या तळव्यावर तेच आयोडीन, तेच पीठ. ठिपके अगदी विरळ. ते बराच वेळ दोन्ही हात बघत राहिले आणि म्हणाले, "म्हंजे हे खरंच आतनंच येतंय." त्या दिवशी त्या मुलाला माझ्याकडून मिळालेली सगळ्यात मोठी गोष्ट हे वडिलांचं वाक्य होतं, असं मला मनापासून वाटतं.

आतून येतं म्हणजे काय, हे मी प्रत्येकाला समजावून सांगते. माणसाच्या अंगावर वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी असतात. त्यांची सगळ्यात जास्त दाटी तळहात आणि तळपायांवर. अंगावरच्या ग्रंथींचं मुख्य काम शरीर थंड ठेवण्याचं. तळहात-तळपायांच्या ग्रंथी मात्र उन्हापेक्षा मनाच्या ताणाला लवकर जाग्या होतात. या ग्रंथींकडे जाणाऱ्या नसा आपल्या हुकमतीत नसतात. नसेच्या टोकाला ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं आणि ग्रंथी पाझरते. अतिघाम असलेल्यांच्या ग्रंथी संख्येने जास्त नसतात, आकारानेही मोठ्या नसतात. त्यांना मिळणारा हुकूमच गरजेपेक्षा मोठा असतो. हा त्रास बहुधा लहानपणी किंवा वयात येताना सुरू होतो, दोन्ही हातांना सारखाच असतो, झोपेत थांबतो आणि बऱ्याच घरांत बाप, आत्या, चुलत भाऊ असं कुणी तरी आधीचं निघतं. भीतीने घाम वाढतो, हे खरं. पण या मुलांच्या बाबतीत घाम आधी येतो. आता सगळ्यांसमोर कागद ओला होणार ही भीती त्याच्या मागून येते आणि मग दोन्ही एकमेकांना वाढवतात.

त्या मुलाला मी आयन्टोफोरेसिस सुचवलं. नाव अवघड, प्रकार साधा. दोन उथळ ट्रे, त्यांत तळाला धातूची पट्टी, वर टॉवेल आणि तळवे बुडतील इतकंच पाणी. एका ट्रेत एक हात, दुसऱ्यात दुसरा. अंगठी, घड्याळ काढायचं. कुठे चिरलं-खरचटलं असेल तिथे व्हॅसलिन लावायचं, कारण तिथेच झोंबतं. मग यंत्रातून सौम्य वीजप्रवाह हळूहळू वाढवत पंधरा ते वीस मिलिॲंपिअरपर्यंत न्यायचा आणि वीस ते तीस मिनिटं बसायचं. मधेच हात झटकन बाहेर काढला तर झटका बसतो, म्हणून मोबाइल आधीच बाजूला ठेवायला सांगते. सुरुवातीला आठवड्यातून तीन-चार वेळा. बहुतेकांना दोन ते चार आठवड्यांत फरक कळतो. पुढे आठवड्या-पंधरवड्यातून एकदा करून तो टिकवावा लागतो. पेसमेकर असलेल्यांना, गरोदर बायकांना आणि हातात धातूची पट्टी-स्क्रू बसवलेल्यांना हा उपचार देत नाही.

यात आमच्या भागातल्या पाण्याची अनपेक्षित मदत होते. आरओचं पाणी घेतलं तर प्रवाह नीट वाहत नाही, कारण त्यात क्षारच उरलेले नसतात. मग चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा लागतो. आमच्याकडचं बोअरचं जड पाणी, ज्याने डाळ शिजत नाही आणि नळाच्या तोट्या पांढऱ्या पडतात, ते इथे सरळ चालतं. त्या मुलाने पुढच्या सत्रात रुमालाशिवाय शीट काढली. घाम पूर्ण गेला नाही. कागद कोरडा राहण्याइतका कमी झाला, आणि त्याला तेवढंच हवं होतं.

एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमधला लेथवरचा कामगार आला, तेव्हा मात्र मला आधी त्याचं काम नीट समजून घ्यावं लागलं. त्याच्या तक्रारीत घाम हा शब्दच नव्हता. "मी हात लावलेला जॉब गंजतोय," तो म्हणाला. फिनिश केलेला, आरशासारखा लखलखीत भाग त्याने तपासायला उचलला की दुसऱ्या दिवशी त्यावर तांबूस बोटं उमटलेली असायची. घामातलं मीठ आणि ओल पोलादावर बसली की असं होतं. अचूक मापाच्या कामात हा जुना, सर्वांना ठाऊक असलेला त्रास आहे. त्याच्या सुपरवायझरने त्याला मशीनवरून काढून माल उचलायला लावलं होतं आणि पगारातला फरक घरी जाणवायला लागला होता.

हातमोजे घाल, असं त्याला सांगणं सगळ्यात सोपं होतं. पण फिरत्या लेथवर हातमोजा घालणं म्हणजे बोटं गमावण्याची तयारी. मोजा अडकला की हात आत ओढला जातो. तळहातात बोट्युलिनम टॉक्सिनची, लोक ज्याला बोटॉक्स म्हणतात त्याची, इंजेक्शनं देता येतात आणि त्यांचा गुण काही महिने टिकतो. पण ती महाग, तळव्याला फार दुखणारी, आणि त्यांनी काही आठवडे चिमटीची ताकद कमी होऊ शकते. मायक्रोमीटर धरणाऱ्या माणसाला चिमटी सैल होऊन चालत नाही. याच कारणाने, रोज धारा काढणाऱ्या बाईलाही मी ती इंजेक्शनं सुचवत नाही. या कामगाराला रात्री ॲल्युमिनियम क्लोराइडचं द्रावण आणि पाळी संपल्यावर आयन्टोफोरेसिस असं दिलं. जोडीला एक साधी गोष्ट सांगितली: तपासायचा भाग उचलताना, मशीन बंद असताना, कोरडं फडकं आणि वर गंजरोधक तेलाचा हात. काही आठवड्यांनी तो परत मशीनवर उभा राहिला.

ॲल्युमिनियम क्लोराइड हे या सगळ्यातलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चुकीचं वापरलं जाणारं औषध. न्हाव्याच्या दुकानातली तुरटी हासुद्धा ॲल्युमिनियमचाच क्षार. तुरटी फिरवल्यावर थोडा वेळ कोरडं का वाटतं, याचं उत्तर तिथेच आहे. हे क्षार घामाच्या नळीच्या तोंडाशी जाऊन तात्पुरतं बूच बसवतात. वीस टक्क्यांचं द्रावण त्यासाठीच बनवलेलं असतं. पण लोक ते सकाळी अंघोळ करून ओल्या काखेत लावतात आणि आग झाली म्हणून बाटली फेकून देतात. ओल्या कातडीवर त्यातून आम्ल तयार होतं, त्याने जळजळ होते. ते लावायचं रात्री झोपताना, कारण झोपेत ग्रंथी शांत असतात आणि औषधाला आत जायला वाव मिळतो. कातडी खडखडीत कोरडी हवी. पंख्याखाली पाच मिनिटं हात वर करून बसा, असं मी सांगते. त्या दिवशी केस काढलेले नसावेत. सकाळी धुऊन टाकायचं. आधी एक दिवसाआड, घाम आटोक्यात आला की आठवड्यातून एक-दोनदा पुरतं.

शाळेत शिकवणाऱ्या एक बाई कित्येक वर्षं फक्त काळ्या आणि गडद छापाच्या साड्या नेसत होत्या. फळ्यावर उंच लिहायला हात वर करायचा नाही, म्हणून फळ्याचा वरचा अर्धा भाग त्यांनी सोडूनच दिला होता. त्यांच्या बॅगेत तीन वेगवेगळे डिओ होते. डिओडरंट वासावर काम करतं, घामावर नाही. काखेतल्या घामाला मुळात वास नसतो. तिथल्या खास ग्रंथींतून येणाऱ्या स्रावावर कातडीवरचे जिवाणू वाढतात आणि त्यांच्यामुळे वास येतो. घाम थांबवणारं आणि वास झाकणारं ही दोन निरनिराळी औषधं आहेत, एवढं कळल्यावर त्यांचा अर्धा त्रास सुटला. त्यांनी मला हळू आवाजात विचारलं की याने कॅन्सर होतो असं मोबाइलवर आलं होतं. आजवरच्या अभ्यासांतून ॲल्युमिनियमचे क्षार आणि स्तनाचा कर्करोग यांचा संबंध सिद्ध झालेला नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. पुढच्या वेळी त्या फिक्या आकाशी साडीत आल्या. मी काही बोलायच्या आधी त्यांनीच पदर खांद्यावरून सारखा करत म्हटलं, "मॅडम, ही माझ्या भाच्याच्या लग्नातली. घडीसुद्धा मोडली नव्हती."

या सगळ्यांच्या नेमकं उलट सांगावं लागतं ते गुऱ्हाळावरच्या माणसांना. चुलाणापाशी चिपाडाचा जाळ घालणारा एक तरुण आला. काहिलीतला रस उकळत असताना तासन् तास तिथे उभं राहायचं. "घाम लई येतोय, गोळी द्या. एकाला दिली हुती, त्येचा घाम बंद झाला." गोळी आहे, ही गोष्ट खरी. ग्लायकोपायरोलेट किंवा ऑक्सिब्युटिनिन ॲसिटिलकोलीनचा निरोप ग्रंथीपर्यंत पोचू देत नाही आणि सगळ्या अंगाचा घाम कमी होतो. सोबत तोंड कोरडं पडतं, शौचाला त्रास होतो, नजर अंधुक होते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना ती धोक्याची. पण त्याला ती न देण्याचं कारण याहून मोठं होतं.

एक लिटर घाम पूर्ण सुकला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीरातून बाहेर जाते. जाळासमोर उभ्या असलेल्या माणसाकडे जगायला दुसरं साधन नाही. त्याचा घाम गोळीने थांबवला तर ताप चढत जाईल, चक्कर येईल, उष्माघात होईल. घाम सुकला नाही तर काय होतं, हे मी स्वतःच्या अंगावर अनुभवलं आहे. मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात कोरोनाचे रुग्ण एकामागून एक सापडले, सगळ्या महाराष्ट्राचं लक्ष या गावाकडे लागलं होतं. त्या उन्हाळ्यात पीपीई किट घालून पाळी करताना घाम अंगावरून वाहत बुटात साठायचा आणि तरीही जीव कासावीस व्हायचा. वाहून गेलेला घाम थंडावा देत नाही, सुकलेला देतो. किटच्या आत हवा नव्हती, म्हणून सुकायला जागा नव्हती. तेव्हापासून उन्हात आणि जाळात काम करणाऱ्यांशी मी घाम कमी कसा होईल याबद्दल बोलत नाही. तो सुकेल कसा आणि गेलेलं पाणी-मीठ परत कसं येईल, याबद्दल बोलते.

त्या तरुणाला सांगितलं की सुती, सैल कापड घाल. नायलॉनची बनियन टाकून दे. जाळापासून दर अर्ध्या तासाला बाजूला हो, वारा लागू दे. तहान लागायची वाट बघू नको. मीठ घातलेलं ताक पी, नाही तर एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे चमचे चहाचे, सपाट. गुऱ्हाळावर गुळाला तोटा नाही, म्हणून साखरेच्या जागी गूळ चालेल का, हे त्यानेच विचारलं. चालेल, म्हटलं. गोळीचं नाव त्याने परत काढलं नाही.

काही घाम मात्र दवाखान्यात आला की माझं बाकीचं सगळं काम थांबतं. एका दुपारी एक बाई नवऱ्याला घेऊन आल्या. "सकाळपासनं अंग नुसतं निथळतंय, घामोळ्या उठल्यात काय बघा." त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. घामोळ्या नव्हत्या. तोंडातून लाळ येत होती, डोळ्यांत पाणी होतं आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. मी विचारलं, "काम काय करत होतात?" पाठीवरचा पंप घेऊन सकाळभर फवारणी. पंपाचं झाकण गळत होतं आणि औषध पाठीवरून कमरेपर्यंत उतरलं होतं. शर्ट तसाच अंगावर सुकवत त्याने काम पुरं केलं होतं.

ऑर्गनोफॉस्फेट जातीची कीटकनाशकं शरीरातलं ॲसिटिलकोलीन मोडूच देत नाहीत. ज्या निरोपाने घाम सुटतो तो निरोप मग थांबतच नाही. घाम, लाळ, अश्रू, उलट्या, जुलाब, आणि शेवटी श्वास. भिजलेल्या कातडीतून हे विष आणखी सहज आत जातं. आम्ही त्याचे कपडे तिथेच काढले, साबणाने अंग धुतलं, हाताला मोजे घालूनच, आणि रिकामी बाटली सोबत देऊन त्याला तातडीने मोठ्या रुग्णालयात हलवलं. तिथे ॲट्रोपिन सुरू झालं आणि तो वाचला. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारणी केलेल्या माणसाला अचानक घाम फुटला तर त्याला उन्हाचा त्रास म्हणून सावलीत झोपवू नका. कपडे काढा, धुवा आणि बाटलीसकट दवाखाना गाठा.

असे आणखी काही घाम आहेत. मधुमेहाच्या गोळ्या घेणारी म्हातारी माणसं एकादशीला गोळी चुकवत नाहीत आणि जेवत मात्र नाहीत. दुपारी थंडगार घाम, हात थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. ती साखर उतरल्याची खूण असते आणि शुद्धीवर असतील तर आधी साखरपाणी द्यायचं असतं. छातीत दाब आणि कपाळावर गार घाम आला, तर पित्त म्हणून सोडा पीत बसायचं नसतं. रोज रात्री उशी-चादर भिजते, संध्याकाळी कणकण असते, वजन उतरतं, तेव्हा क्षयाची तपासणी आधी करावी लागते. क्वचित त्यामागे लसिकाग्रंथींचा कर्करोगही असतो. छातीत धडधड, हात कापतात, उकाडा सोसत नाही, तर थायरॉइड बघावं लागतं. पन्नाशीच्या आसपासच्या बायकांना मानेपासून वर आगीचा लोळ जातो आणि मागून घाम सुटतो. पाळी जाण्याच्या दिवसांतलं ते नेहमीचं लक्षण. पण घरात ते कुणाला सांगायचं, या संकोचाने त्या वर्षानुवर्षं रात्री उठून अंगणात बसतात. मनोविकारांवरची काही औषधंही घाम वाढवतात. ठोकताळा असा: लहानपणापासूनचा, दोन्हीकडे सारखा, झोपेत थांबणारा घाम त्रासदायक असतो, धोक्याचा नसतो. मोठेपणी नव्याने आलेला, सगळ्या अंगाला येणारा, झोपेतून उठवणारा किंवा एकाच बाजूला येणारा घाम तपासल्याशिवाय सोडू नये.

पोलीस भरतीची तयारी करणारा एक मुलगा ऑपरेशनची माहिती मोबाइलवर बघून आला होता. छातीतून दुर्बीण घालून मणक्याशेजारची नस तोडायची. हात तत्काळ कोरडे होतात, हे खरं आहे. पण नंतर अनेकांना पाठ, पोट, मांड्यांवर भरून निघावा तसा घाम सुरू होतो, काहींना तो आधीच्या घामापेक्षा असह्य होतो, आणि तोडलेली नस परत जोडून पहिल्यासारखं करता येईल याचा भरवसा नसतो. ज्याला मैदानावर धावायचं आहे, अंगावर जाड गणवेश घालून बंदोबस्ताला उभं राहायचं आहे, त्याने तळहाताच्या बदल्यात पाठ का द्यावी? हे ऑपरेशन मी कुणालाच नाकारत नाही, पण बाकी सगळं करून झाल्यावर, हा धोका नीट समजून घेतल्यावरच त्याचा विचार करा, असं सांगते. त्याने मला एक गोष्ट सांगितली ती लक्षात राहिली. तो तालमीत जायचा. कुस्तीत घामेजलेल्या अंगावर पकड बसत नाही म्हणून दोघंही एकमेकांना तांबडी माती लावतात. "तालमीत माझ्या हाताला कुणी कधी काय बोललं न्हाय. माती घेतली की झालं. भाईरच तेवढं बोलत्यात."

त्याचं म्हणणं मला पटतं. आखाड्याने घामाची सोय करून ठेवली आहे, म्हणून तिथे घाम हा दोष ठरत नाही. ही सोय बाहेरही करता येते आणि तिला पैसे लागत नाहीत. परीक्षेच्या पर्यवेक्षकाने अशा मुलाला हाताखाली टिपकागद किंवा रुमाल ठेवू द्यावा, त्यासाठी झडती घेतल्यासारखं करू नये. रेशनच्या दुकानात आणि बँकेत अंगठा लागत नसेल तर बोट पुसायला कोरडं फडकं द्यावं, तरीही नाही लागला तर डोळ्याच्या बुबुळाने किंवा ओटीपीने ओळख पटवण्याची सोय आहे ती वापरावी. एखाद्या बाईला रांगेत तीनदा परत पाठवू नये. सुपरवायझरने गंजलेला जॉब दाखवून माणसाला हलक्या कामावर टाकण्याआधी त्याला डॉक्टरकडे पाठवावं. दूध संकलनावर, पोल्ट्रीत, दिवसभर गमबूट घालणाऱ्यांना मोज्याची दुसरी जोडी बदलायला वेळ द्यावा. पायाला येणारी दुर्गंधी आणि तळव्यावर पडणारे बारीक खड्डे यांचा उगम बुटात कोंडलेल्या ओलीत असतो, अस्वच्छतेत नाही.

आणि घरच्यांनी एवढं करावं की मुलाच्या ओल्या हाताला भित्रेपणा म्हणू नये. औषधं माझ्याकडे आहेत, त्यांच्या मर्यादाही मला ठाऊक आहेत. बहुतेकांचा घाम मी पूर्ण घालवू शकत नाही, कामापुरता आवरू शकते. पण ज्याला घरात कुणी हसलं नाही, तो लवकर येतो, तक्रार स्पष्ट सांगतो आणि उपचार नेटाने करतो. जो टोमणे ऐकत ऐकत मोठा झाला तो शिक्षण, नोकरी, लग्न या सगळ्यांतून हात मागे घेत गेल्यावर माझ्यापर्यंत पोचतो. तुमच्या घरात, वर्गात, कामावर असं कुणी असेल तर त्याला आजच सांगा की हा आजार आहे, त्यावर उपाय आहे आणि तो सांगण्यात लाज नाही. मग त्याला डॉक्टरकडे पाठवा. बरोबर त्याच्या कामाची नीट माहितीही द्या, म्हणजे आम्हाला त्याचा उपचार त्याच्या हातांना शोभेल असा करता येईल.